गाळणीचं वाण

नांदेडला एका क्लासमध्ये मी रसायनशास्त्र शिकवते. मागच्या वर्षी तास सुटल्यावर नायगावकडची एक मुलगी मागं थांबली. मी फळा पुसत होते. ती दप्तराच्या पट्ट्याला पीळ घालत म्हणाली, "मॅडम, एखाद्या मित्राला नाही म्हणायचं असलं, पण त्याला वाईट वाटू द्यायचं नसलं, तर कसं म्हणायचं?"

मी म्हटलं, "वाईट वाटणारच. ते त्याचं त्याला वाटू दे. तू फक्त खोटं बोलू नको."

ती हिरमुसली. तिला पाठ करून जाता येईल असं वाक्य हवं होतं. आमच्याकडच्या पोरांना सगळंच पाठ करायची सवय लागलेली असते, आणि ती लावण्यात माझाही हात आहे. पण असं वाक्य माझ्याजवळ नव्हतं. तिच्या वयाची असताना मला तसली पुष्कळ वाक्यं लोकांनी आयती आणून दिली होती. मी एकही घेतलं नाही, आणि त्याबद्दल मला आजही जराही खंत वाटत नाही.

आमचं गाव औशाच्या पुढं. भूकंप झाला तेव्हा मी दहावीत होते. गणपतीचं विसर्जन करून गाव निजलं आणि पहाटे माळवदं खाली आली. आमच्या भागातली घरं म्हणजे दोन-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड छत. उन्हाळ्यात गारवा उत्तम, पण पडली की आतल्या माणसाला वर यायला वाट ठेवत नाहीत. मी, माझे वडील म्हणजे अण्णा, आणि धाकटी बहीण अंगणात निजलो होतो म्हणून वाचलो. आई आत होती. तिला बाहेर काढलं ते पलीकडच्या आळीतल्या आप्पांनी. अंगात नुसतं बनियन, हातात पहार, आणि सोबत त्यांचा मुलगा, माझ्याच वर्गातला. उजाडल्यापासून दुपारपर्यंत ते दोघं दगड उचलत होते. आई जिवंत निघाली. तिच्या उजव्या हाताचा पंजा मात्र चेंगरला होता. पुढं तो सांधला, पण दोन बोटं कायमची ताठ राहिली. भाकरी थापायला पाचही बोटं लागतात, हे मला तेव्हा कळलं.

पत्र्याच्या शेडमध्ये बसून मी दहावी काढली आणि मार्क चांगले पडले. लातूरला पोरं ठेवायचं वारं तेव्हा जोरात सुटलं होतं. गल्लोगल्ली क्लास, घराघरात भाड्याच्या खोल्या, सायकलींची रांग. घर पडतं, शिक्षण पडत नाही, असं अण्णा म्हणायचे. पण त्याच सुमाराला पोरींची लग्नं उरकायचीही तितकीच घाई चालली होती. शेडला दार कसलं, आडोसा कसला, वयात आलेली पोर ठेवायची कुठं, असा हिशोब. माझ्या बरोबरीच्या बऱ्याच पोरी शेडमधूनच नांदायला गेल्या. मला अण्णांनी लातूरला ठेवलं ते एका अटीवर. "एक शबुद जरी कानावर आला, तर त्याच दिशी गाडीत बसवून आणीन. मग लगीन." ते रागानं बोलले नव्हते. जे करणार होते ते सांगून ठेवत होते.

राहायला एका घरमालकीणबाईंची खोली मिळाली. तिघी होतो, एक उदगीरची, एक मुदखेडची आणि मी. प्रश्न जेवणाचा होता, आणि तो सुटला गावाकडच्या डब्यानं. त्या काळात लातूरच्या स्टँडवर सकाळी कुणी उभं राहिलं असतं, तर त्याला अर्धा जिल्हा डब्यात भरून येताना दिसला असता. गावोगावच्या आया पहाटे उठून डबे भरायच्या, फडक्यात बांधायच्या आणि एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ द्यायच्या. गाडी लागली की पोरापोरींची झुंबड उडायची. ज्याचा डबा त्यानं ओळखायचा, कुणी फडक्याच्या रंगावरून, कुणी कडीला बांधलेल्या दोऱ्यावरून. संध्याकाळच्या गाडीनं रिकामे डबे परत जायचे. ड्रायव्हर-कंडक्टरनी त्यासाठी कधी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही.

माझ्या आईचा हात असा. मग आप्पांची बायको, जिला मी काकू म्हणायची, आपणहून म्हणाली, "माझ्या पोराचा डबा जायचाच हाय. तिथंच हिच्या दोन भाकरी." तोही लातूरलाच, त्याच क्लासला. काकूंनी चार पुडांचा मोठा डबा घेतला. वरचे दोन पूड त्याचे, खालचे दोन माझे. रोज सकाळी स्टँडवर आम्ही तो डबा उघडायचो, आपापले पूड वेगळे करायचो आणि आपापल्या खोलीवर जायचो. संध्याकाळी पुन्हा जोडून, कडी लावून गाडीत ठेवायचो. असं पावणेदोन वर्षं चाललं.

आणि तो माझा दोस्त होता. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढची गोष्ट ऐकून लोक त्याला वाईट तरी ठरवतात नाहीतर मला. पदार्थविज्ञान मला भिंतीसारखं वाटायचं. स्टँडच्या बाकावर बसून डब्याची कडी, दोरी आणि दोन खडे घेऊन त्यानं मला बलांची बेरीज शिकवली. मी त्याला सेंद्रिय रसायन शिकवायची, तर तो म्हणायचा, "ह्या कार्बनला कायी कामधंदा न्हाई का गं?" आम्ही भूकंपाबद्दल कधी बोललो नाही. एकदाच तो म्हणाला होता की त्याला अजून दगड उचलल्यासारखे हात दुखतात. मी म्हटलं, मलाही घरात निजायला नको वाटतं. तेवढंच. असं बोलायला माणूस मिळायला नशीब लागतं, आणि ते मला मिळालं होतं.

बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर एका सकाळी डब्याची कडी काढता काढता तो म्हणाला, "मला तू आवडतीस."

मी म्हटलं, "मलाबी तू आवडतोस. वांग्याची भाजी कुणाच्या पुडात हाय?"

"तसं न्हाई. तसलं आवडणं."

मी कडी हातात धरून उभी राहिले. मला आत कुठं काही हलतंय का, ते मी खरंच पाहिलं. प्रामाणिकपणे पाहिलं. काही हलत नव्हतं. मग मी त्याच्याकडं बघून सांगितलं, "माझ्या मनात तसं कायी न्हाई. दोस्त म्हणून तू मला लई मोलाचा हाईस, आन् म्हणूनच आजच सांगते, उद्यावर टाकत न्हाई. तू वाट बघू नको."

"इचार तर कर जरा."

"केला."

"इतक्यात?"

"ह्यात काय गणित मांडायचंय?"

तो कसनुसा हसला, "बरं" म्हणाला आणि वरचे दोन पूड घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी आला, नेहमीसारखा डबा उघडला, आणि भोवऱ्याच्या गतीवरचं एक उदाहरण मला समजावून दिलं. मला वाटलं, झालं. एक गोष्ट त्यानं विचारली, मी उत्तर दिलं, आणि दोघंही शहाणे आहोत. मला त्याचा अभिमानच वाटला.

खोलीवरच्या दोघींना मी सांगितलं, तेव्हा त्यांना माझी काळजी वाटली. उदगीरची म्हणाली, "नुसतं न्हाई म्हणून भागत नसतंय. राखी बांधून टाक. इषय कट." मुदखेडची म्हणाली, "त्यापेक्षा घरचे ऐकत न्हाईत म्हणून सांग. त्याचं मनबी राहील, तुझंबी सुटंल." त्या सल्ल्याची पंचाईत अशी होती की घरचे न ऐकायला काही कारणच नव्हतं. जात एक, गाव एक, आमच्यात गावातल्या गावात सोयरीक होते, आणि वर त्यांचे उपकार. जात आड आली असती तर सगळ्यांचंच काम सोपं झालं असतं. पोरीच्या मनात नाही, एवढ्या एका कारणाला कुणी कारण मानत नव्हतं.

आणि राखी कशाला? तो माझा भाऊ नव्हता. मला भाऊ नको होता. ज्या पोराचं लग्नाचं विचारणं नको, त्याला भाऊ करून टाकायचं, म्हणजे पोरीजवळ येणाऱ्या पुरुषाला दोनच खुर्च्या, एक नवऱ्याची, एक भावाची. दोस्ताला बसायला जागाच नाही. मी उदगीरच्या मैत्रिणीला म्हटलं, "मी त्याला न्हाई म्हणलंय. तेवढ्यावर राखीचा शिक्का कशाला पायजे?" ती म्हणाली, "तू लई ताठ हाईस." तिचं बरोबर होतं.

मग संक्रांत आली, आणि मी एक चूक केली.

डबा रिकामा परत पाठवू नये, हे आमच्या घरात जन्मापासून ऐकलेलं. कुणाचं भांडं आलं तर त्यात चिमूटभर साखर तरी घालून परत द्यायचं. म्हणून मी काकूंच्या डब्यात रोज काहीतरी टाकायची. कधी दोन पेरू, कधी शेंगदाण्याची चिक्की, काहीच नसलं तर साखर. संक्रांतीनंतर घरमालकीणबाईंनी हळदीकुंकू केलं. आळीतल्या बायका आल्या, वाण लुटलं. त्या साली त्यांनी चहाच्या गाळण्या वाटल्या, लाल मुठीच्या. बायका गेल्यावर काही उरल्या, तर आम्हा तिघींनाही एकेक दिली, वर तिळगुळाची पुडी आणि हळदीकुंकवाची पुडी. आमच्या खोलीत तीन पोरी, एक स्टोव्ह आणि आता तीन गाळण्या. संध्याकाळी डबा जोडायची वेळ झाली, हाताशी दुसरं काही नव्हतं. मी माझी गाळणी खालच्या पुडात ठेवली, वर दोन्ही पुड्या ठेवल्या आणि कडी लावली.

त्यात काय झालं, असं लातूरच्या खोलीवर राहणाऱ्या पोरीला वाटणार. पण वाण सवाशिणी देतात. बिनलग्नाची पोर कुणाला वाण देत नाही. काकूंनी तिकडं पूड उघडला. वर हळदीकुंकू, तिळगूळ, खाली गाळणी. त्यांना वाटलं, पोरीनं तोंडानं न बोलता सांगितलं, मी या घरची होते. मला हे माहीत नव्हतं असं नाही. मला माहीत होतं, पण अणू-रेणूंच्या गडबडीत ध्यानातच आलं नाही. एवढी चूक माझी. तेवढी मी पदरात घेते. त्यापुढची एकही घेत नाही.

चार दिवसांनी सकाळच्या गाडीतून डब्याबरोबर स्वतः काकूच उतरल्या. जरीकाठाचं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत खण, नारळ आणि तांदूळ. तो बाजूला उभा, मान खाली. त्याला घेऊन काकू थेट आमच्या खोलीवर आल्या, पाटावर बस म्हणाल्या. मी विचारलं, "कशाला, काकू?"

"ओटी भरते. तू वाण धाडलंस, मला समदं कळालं. मी जावेलाबी सांगितलं. तुझ्या मायलाबी सांगून आले."

एक शबुद कानावर आला तर, ते अण्णांचं बोलणं डोक्यात वाजायला लागलं. परीक्षेला महिना राहिला होता. मी शक्य तितक्या सबुरीनं म्हटलं, "काकू, ती गाळणी घरमालकीणबाईंनी दिलेली. डबा रिकामा कसा धाडायचा म्हणून टाकली. माझी चूक झाली, माफ करा. पण त्याचा अर्थ तसा न्हाई."

"आगं, लाजतीस कशाला?"

"लाजत न्हाई काकू. मला हे लग्न करायचं न्हाई. मी त्याला दिवाळीनंतरच सांगितलंय."

काकूंनी त्याच्याकडं पाहिलं. मीही पाहिलं. तेव्हा त्यानं बोलायला हवं होतं. त्याची आई चार दिवस गावभर पेढे वाटल्यासारखी बातमी वाटत होती, आणि ती खोटी आहे हे तिला पटवू शकतील अशी जगात दोनच माणसं होती, तो आणि मी. तो खिडकीतून सायकली मोजत असल्यासारखा बाहेर बघत राहिला.

माझा जो राग आहे तो तिथला आहे. त्यानं विचारलं त्याचा मला कधीच राग आला नाही. माणसाला वाटतं ते त्यानं विचारावं. पण मी दिलेलं उत्तर त्यानं खिशात घातलं आणि माझ्या गाळणीला बोलू दिलं. मी तोंडानं, त्याच्या डोळ्यांत बघून 'नाही' म्हटलं होतं, त्यापेक्षा आठ आण्याच्या प्लास्टिकचं 'हो' त्याला खरं वाटलं, कारण ते सोयीचं होतं.

ओटी न भरताच काकू गेल्या. दुसऱ्या दिवशी अण्णा आले. खाली उभं राहूनच म्हणाले, "कपडे पुस्तकं घे. घरी चल." मी पुस्तकं घेतली. कपडे घेतले नाहीत. परत यायचंय, असं मी स्वतःला सांगितलं.

गावात पोचेपर्यंत अण्णा एक अक्षर बोलले नाहीत. शेडमध्ये सगळे आधीच बसलेले होते. आई भिंतीला, म्हणजे पत्र्याला टेकून. काकू, आप्पा, आणि तो. दुपारची वेळ, पत्रा तापून आत भट्टी झालेली. अण्णांनी सुरुवात केली, आणि मला धक्का बसला तो असा की ते रागावलेले नव्हतेच. ते खूश होते. "घर चांगलं हाय. पोरगा शिकलालाय. परीक्षा झाली की उरकून टाकू. ह्यात रडण्यासारखं काय हाय?"

"मी रडत न्हाई, अण्णा. मी न्हाई म्हणते."

"मग वाण कशाला धाडलं?"

मी पुन्हा गाळणीची कथा सांगितली. ऐकताना ती माझी मलाच हास्यास्पद वाटली. काकूंचा चेहरा उतरत गेला. त्या वाईट बाई नव्हत्या. पावणेदोन वर्षं पहाटे उठून माझ्या भाकरी थापणारी बाई वाईट कशी असेल? त्यांना खरंच लागलं होतं. म्हणून त्यांनी असं बोलून टाकलं, "दोन वर्सं आमचं मीठ खाल्लंस. खाल्ल्या मिठाला जागावं मानसानं. तुझ्या मायला कुणी काढलं, हे तरी ध्यानात ठीव."

आईनं तिची ताठ बोटं पदराखाली घेतली. ते मी पाहिलं, आणि माझी भीती गेली. खरंच गेली. मी त्याच्याकडं वळले. "दिवाळीनंतर स्टँडवर तू मला काय विचारलंस, आन् मी काय सांगितलं, ते सगळ्यांपुढं सांग. मी सांगणार न्हाई, तू सांग."

त्यानं बोटं मोडली. मग म्हणाला, "न्हाई म्हणली होती."

"वाट बघ म्हणाले होते का?"

"नको म्हणली होती."

काकू म्हणाल्या, "पोरी आदी न्हाईच म्हनत असतेत."

"मी पोरी न्हाई काकू, मी एकटी हाय," मी म्हटलं. "तुमच्या भाकरीचं ऋण मी मानते. आईच्या जिवाचं तर जन्मभर मानीन. तुम्हाला कधी गरज लागली तर रात्री-बेरात्री धावत येईन. पण ते ऋण कसं फेडायचं ते मी ठरवीन. नांदायला येऊन फेडणार न्हाई."

अण्णा उठले. ते मारतील असं मला वाटलं, आणि मी तिथून हलले नाही. तेवढ्यात आप्पा बोलले. आप्पा तसे बोलणारे नव्हतेच, दिवसभरात दहा वाक्यं झाली तर खूप. ते जमिनीकडं बघत, शांतपणे म्हणाले, "म्या पहार घातली तवा खाली कोण हाय, ते बगितलं नव्हतं. त्या दिशी लई घरं खणली म्या. त्या समद्या घरांतून सुना आणायच्या म्हणलं, तर मला पोरं किती लागतील?"

कुणाला हसावं की नाही ते कळेना. आप्पा तसेच पुढं म्हणाले, "आन् निम्मी मानसं मेलेली निघाली. त्यांच्याकडून काय घिऊ?"

मग ते उठले, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि शेडबाहेर गेले. त्यांच्या मागून तो गेला. काकू शेवटी उठल्या. जाताना त्यांनी पिशवीतून ती लाल मुठीची गाळणी काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. दिलेलं वाण कुणी परत करत नाही. ते करणं म्हणजे पोरीच्या तोंडावर थुंकण्यासारखं आहे, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मी वाकून त्यांच्या पाया पडले आणि गाळणी उचलून घेतली. पुढं परीक्षा होईपर्यंत आमच्या खोलीचा चहा तिनंच गाळला. चांगली टिकाऊ निघाली.

अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पुस्तकं घेऊन गाडीवर गेले, तेव्हा त्यांनी अडवलं नाही. "परीक्षा दे," एवढंच म्हणाले. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता लोक मला विचारतात की जरा गोडीत घेतलं असतं तर काय बिघडलं असतं. माझं म्हणणं, मी गोडीतच घेतलं होतं. चढा आवाज नाही, शिवी नाही, टर उडवली नाही, चार लोकांत बोलले नाही. त्याला स्वतःला, एकट्याला, पहिल्याच दिवशी सांगितलं. याहून नम्र काय असतं? लोकांना नम्र 'नाही' हवं म्हणजे त्यांना खरं तर अर्धं 'हो' हवं असतं. त्यातून पुढं काही ओढून काढता यावं म्हणून. तसलं माझ्याकडं नव्हतं.

त्यानं पुढं माझ्याशी बोलणं टाकलं. क्लासमध्ये तो मागच्या बाकावर गेला. भोवऱ्याच्या गतीत मी पुढं अडले तेव्हा ज्याला विचारावं असा एकच माणूस होता, आणि त्याला विचारता येत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. एकदा स्टँडवरच्या त्या बाकाकडं बघून मला रडू आलं. त्याच्यासारखा दोस्त मला पुन्हा मिळाला नाही. हे म्हणायला मला लाज वाटत नाही, आणि हे म्हटलं म्हणून माझं 'नाही' पातळ होत नाही. दोन्ही खरं आहे.

डबा अर्थातच बंद झाला. माझे दोन पूड मी आधीच घासून, कोरडे करून, त्याच्या खोलीवर कुणाच्या तरी हाती पाठवले होते. त्यात काही घातलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं भांडं रिकामं परत केलं, आणि ते मुद्दाम केलं. मग सकाळी स्टँडसमोरच्या गाड्यावर सुशीला, म्हणजे फोडणीचे चुरमुरे, खायची, संध्याकाळी मैत्रिणींच्या डब्यातलं चतकोर. मुदखेडची स्वतःची अर्धी भाकरी माझ्यासमोर सरकवायची आणि वर म्हणायची, "खा, ताठ बाई." पोट भरत नव्हतं. तासाला बसल्यावर डोळ्यांपुढं अंधारी यायची. सवयीनं मी सकाळच्या गाडीच्या वेळेला स्टँडवर मात्र जायची. का जायची ते सांगता येणार नाही.

असेच आठ-दहा दिवस गेले. एका सकाळी गाडी लागली, पोरं तुटून पडली, आपापले डबे घेऊन पांगली. तो त्याचा डबा घेऊन दुसऱ्या बाजूनं निघून गेला. मी वळणार तेवढ्यात ड्रायव्हरनं खिडकीतून हाक मारली. त्याच्या हातात एक डबा होता, दोन पुडांचा, जुना, एका बाजूला चेपलेला. मी तो ओळखला. भूकंपात आमच्या घरातून निघालेल्या मोजक्या भांड्यांपैकी तो एक होता. कडीला माझ्या बहिणीच्या रिबिनीचा तुकडा बांधलेला.

बाकावर बसून मी तो उघडला. वरच्या पुडात पिठलं होतं. खालच्यात दोन भाकरी. असल्या भाकरी मी आधी कधी पाहिल्या नव्हत्या. एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला फाटलेल्या, मधे करपलेल्या, आणि वर बोटांचे ठसे. तीन बोटांचे. अण्णांच्या घरात राहून, अण्णांच्या डोळ्यांदेखत, आईनं पहाटे उठून त्या थापल्या होत्या आणि गाडीपर्यंत नेऊन दिल्या होत्या.

मी दोन्ही भाकरी तिथंच, बाकावर बसून, करपलेल्या तुकड्यांसकट खाल्ल्या. त्या दिवशी मला तासाला उशीर झाला.

संध्याकाळी डबा परत ठेवायला गेले, तेव्हा त्यात काय घालावं म्हणून मी दोन दुकानांपुढं थांबले. मग काहीच घेतलं नाही. घासून पुसून तसाच गाडीत ठेवला. डबा रिकामा गेला की आईला एवढंच कळतं, की पोरीनं सगळं खाल्लं.